वातीएवढं

वर्षातून दोनदा मी बालाघाट चढतो,
ऑक्टोबरात एकदा, मेच्या मधल्या आठवड्यात एकदा.
हातात दहा लिटरची पत्र्याची बादली,
खिशात सेकंद मोजणारं घड्याळ,
आणि एक तक्ता, ज्यात झऱ्याला नाव नाही,
क्रमांक आहे.

जीप तांड्यापाशी थांबते. पुढं पायवाट,
सीताफळीच्या झुडपांतून, सुटलेल्या मुरमावरून.
माझी टाच घसरते तेव्हा केवळबाई
मागं न वळता सांगते,
"डावीकडून या. उजवीकडला दगड लबाड हाय."

वर काळा पाषाण, उभ्या भेगांचा.
त्याखाली वीतभर गेरूचा तांबडा पट्टा.
पाणी भेगांतून उतरत येतं,
गेरूवर थबकतं,
खाली वाट नाही म्हणून आडवं होतं
आणि उंबराच्या मुळाशी उजेडात येतं.
हे मी तिला एकदा रेघा काढून समजावलं.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
"म्हंजी आमच्या थोरल्यावानीच," म्हणाली,
"अडवलं की बाजूनं निघतो."

शेजारी आसरांचे दगड, शेंदूर लावलेले.
सात म्हणतात, मी सहाच मोजले.
सातवी पाण्यात राहती, ती म्हणते,
तिला माणसं आवडत न्हाईत.

आधी झरा इथं नव्हता.
बारा पावलं वर होता, जिथं आता टाकी आहे.
योजनेची टाकी: लोखंडी झाकण, तीन तोट्या,
अकरा नावांची फरशी.
पाणी वाढावं म्हणून त्यांनी झऱ्याचा डोळा
पहारीनं मोठा केला,
भोवती सिमेंट गच्च भरलं.
दोन दिवस पाणी टाकीत आलं.
तिसऱ्या दिवशी तोटीतून
एक मुंगळा बाहेर पडला.

दीड महिना कुठंच काही नाही.
लिंबराजची मेंढरं टाकीच्या भिंतीला
जिभा लावून उभी राहायची, सकाळची,
भिंत गार असते तेव्हा.
मग एका पहाटे केवळबाईच्या पायाला
उंबराखालची माती ओली लागली.
तिनं बोटांनी उकरलं. खुरपं कंबरेला होतं,
काढलं नाही.
पुन्हा लोखंड कशाला दाखवायचं.

माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.
अक्षांश, रेखांश, उंची, वापर, शेरा.
शेऱ्यात मी लिहिलं: स्थान बदलले आहे.
कार्यालयातून विचारणा आली:
झऱ्याचे की निरीक्षकाचे?

ऑक्टोबरात बादली अकरा सेकंदांत भरते.
तिच्या हिशेबानं ते मनगटाएवढं पाणी.
दिवाळी सरता सरता अंगठ्याएवढं,
संक्रांतीला करंगळी,
होळीनंतर सुतळी.
आज ती म्हणाली, वातीएवढं.

मी बादली धारेखाली ठेवली, घड्याळ दाबलं.
ती पाठमोरी बसली, राखेनं घागर घासत.
पत्र्यावर पडणारं पाणी आधी मोठ्यानं बोलतं,
मग पाण्यावर पडायला लागलं की पुटपुटतं,
मग नुसता श्वास.
कड्यावर कुठंतरी मोर ओरडून गप्प झाला.
माझी नजर आकड्यांवर, तिचे हात घागरीवर.
"भरली," ती म्हणाली.

चार मिनिटं, बारा सेकंद.
पाणी खुणेच्या रेघेला टेकलेलं.

मोजलेलं पाणी ती सांडू देत नाही.
अर्धं मेंढरांच्या दगडी कुंडीत,
अर्धं घागरीत, फडक्यातून गाळून,
आणि तळाशी उरलेलं ओंजळभर
धारेतच परत, जिथं सातवी असेल तिथं.
मी तक्त्यात ०.०४ लिहिलं.
पेनाला घाम लागला होता, शून्य फिसकटलं.

उतरताना ती वरून ओरडली,
मला वाटलं, तहसिलात काही सांगायचं असेल,
टाकीचं, पगारी मजुरीचं, रस्त्याचं.

"औंदा ऑक्टोबरात येताना
बादलीची कडी आवळून आणा हो.
लई खुळखुळती.
पाण्याचं नीट आयकू येत न्हाई."